काढायचे की सांभाळायचे : अंग बाहेर येण्यावरील शस्त्रक्रियांची दोनशे वर्षे

ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू आणि गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी व मागून धरून ठेवणारे अस्थिबंध बाळंतपणात ताणले जातात, उतारवयात आणखी सैल पडतात. त्यांना भार पेलेनासा झाला की गर्भाशय योनिमार्गातून खाली सरकू लागते. कधी त्याच्याबरोबर योनीच्या पुढच्या भिंतीतून मूत्राशय किंवा मागच्या भिंतीतून गुदाशय फुगून येते. बायका याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. या दुखण्याने सहसा जीव जात नाही, पण चालताना, बसताना, पाण्याचा हंडा उचलताना ते क्षणोक्षणी जाणवते. लघवी अडते, कंबर धरते, बाहेर आलेला भाग कपड्याला घासून त्याला जखमा होतात. लाजेमुळे हे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते. त्यावरच्या उपायांचा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरत आला आहे: खाली आलेले गर्भाशय काढून टाकायचे, की तुटलेला आधार शोधून ते परत जागेवर बसवायचे?

प्राचीन वैद्यकाला हा विकार चांगला ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात वीस योनिव्यापदांमध्ये ‘प्रस्रंसिनी’ येते. बाहेर आलेल्या अंगाला तूप लावावे, दुधाच्या वाफेने शेकावे, हाताने हलकेच आत सारावे आणि वर बंध बांधावा, असा तिचा उपचार सांगितला आहे. ग्रीक वैद्यकात याच्या शेजारी एक अघोरी उपायही सापडतो. हिप्पोक्रेटीसच्या परंपरेतील ग्रंथांत रुग्ण स्त्रीला शिडीला उलटी बांधून शिडी हलवण्याची पद्धत वर्णिली आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास सोरेनस या वैद्याने या पद्धतीला विरोध केला. डाळिंबासारखी फळे योनीत बसवून आधार देण्याचा प्रघातही तेव्हा होता. पुढे लाकूड, मेण, धातू, रबर आणि आज सिलिकॉन अशी साधने बदलत गेली, तरी पेसरी किंवा रिंग बसवण्याची कल्पना कधीच मोडीत निघाली नाही. हजारो वर्षे बहुतेक स्त्रियांना एवढाच उपाय उपलब्ध होता.

चाकूने काही साधता येईल ही शक्यता पहिल्यांदा गांभीर्याने दिसली ती १८१३ मध्ये, जर्मनीतील ग्योटिंगेन येथे. कॉनराड लांगेनबेक यांनी एका स्त्रीचे खाली आलेले, व्रण पडलेले गर्भाशय कर्करोग समजून योनिमार्गे काढले. तेव्हा भूल देण्याचे तंत्र अस्तित्वात नव्हते. रक्तस्राव सुरू झाला तेव्हा संधिवाताने जखडलेल्या मदतनीसाला खुर्चीवरून उठता येईना. लांगेनबेक यांनी एका हाताने रक्तस्राव दाबून धरला आणि दुसरा हात व दात वापरून गाठ बांधली, असे सांगितले जाते. रुग्ण वाचली, पण समव्यावसायिकांचा त्यावर विश्वास बसला नाही. ती स्त्री पुढे सुमारे पाव शतक जगली आणि मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनातच गर्भाशय खरोखर काढलेले होते हे सिद्ध झाले. तोवर लांगेनबेक यांच्या वाट्याला अविश्वासच आला होता.

१८४६ मध्ये ईथरची भूल आली, १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली, आणि मग या क्षेत्रात हालचाल सुरू झाली. अमेरिकेत मॅरियन सिम्स यांनी योनीच्या पुढच्या भिंतीचा जादा भाग कापून कडा शिवण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. ज्या हस्तकौशल्यावर ती उभी होती, ते त्यांनी १८४० च्या दशकात अलाबामातील माँटगोमेरी येथे कमावले होते. मूत्राशय व योनी यांच्यातील भगंदरावर चांदीच्या तारेचे टाके घालण्याचे प्रयोग त्यांनी गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियांवर, भूल न देता, पुन्हा पुन्हा केले. अनार्का, लुसी आणि बेट्सी ही त्यांतील तिघींची नावे नोंदलेली आहेत. ज्यांना नकार देण्याचा अधिकारच नव्हता अशा स्त्रियांच्या देहांवर स्त्रीरोग शल्यशास्त्राचा हा पाया घातला गेला. सिम्स यांचे गुणगान करताना ही गोष्ट दीर्घकाळ गाळली गेली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील त्यांचा पुतळा २०१८ मध्ये हलवण्यात आला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन वाटा फुटल्या. पॅरिसचे लेऑं ल फोर यांनी १८७७ मध्ये योनीच्या पुढच्या व मागच्या भिंती एकमेकींना शिवून मार्गच बंद करण्याची शस्त्रक्रिया सांगितली. ती सोपी आणि कमी धोक्याची आहे, पण तिच्यानंतर शरीरसंबंध शक्य राहत नाही. म्हणून ती वृद्ध, अशक्त स्त्रियांपुरती मर्यादित राहिली आणि त्या मर्यादेत आजही केली जाते. दुसरी वाट मँचेस्टरची. कापडगिरण्यांच्या या शहरात आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी १८८८ पासून योनीच्या भिंतींच्या दुरुस्तीला लांबलेल्या गर्भाशयमुखाच्या छेदनाची जोड दिली. विल्यम फॉदरगिल यांनी पुढे तिच्यात सुधारणा केली: गर्भाशयाला बाजूंनी धरणारे अस्थिबंध आखडून ते उरलेल्या मुखाच्या पुढच्या बाजूला शिवायचे. मँचेस्टर किंवा फॉदरगिल शस्त्रक्रिया म्हणून ती जगभर शिकवली गेली. गर्भाशय ठेवून आधार बळकट करण्याचा हा पहिला पद्धतशीर विचार होता. मात्र तिची किंमत गर्भाशयमुखाला मोजावी लागे. मुख कापल्यावर काहींना गर्भ राहत नसे, काहींचा गर्भ मध्येच गळून पडे, तर काहींच्या प्रसूतीत आखडलेले मुख उघडत नसे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात अमेरिकेने लांगेनबेक यांच्या वाटेला, म्हणजे गर्भाशय काढून टाकण्याला, सोय आणि प्रतिष्ठा दिली. शिकागोचे स्प्रोट हिनी यांनी १९३४ मध्ये योनिमार्गे केलेल्या ५६५ गर्भाशय छेदनांचा अहवाल प्रसिद्ध केला. ही शस्त्रक्रिया आता सुरक्षितपणे, शिकवता येईल अशा क्रमाने करता येते हे त्यातून दिसले. हिनी यांच्या नावाचे चिमटे आजही शस्त्रक्रियागृहात मागितले जातात. रक्त चढवण्याची सोय आणि प्रतिजैविके आल्यावर योनिमार्गे गर्भाशय काढणे हाच अंग बाहेर येण्यावरचा सर्वमान्य उपाय बनला. त्यामागचा तर्क वरवर सरळ होता: जे खाली येते तेच नाहीसे केले की प्रश्न सुटला. पण गर्भाशय स्वतःहून खाली येत नाही, त्याचा आधार सुटलेला असतो. गर्भाशय गेल्यावरही तो आधार सुटलेलाच राहतो आणि काही स्त्रियांमध्ये वर्षे उलटल्यावर योनीचे टोकच बाहेर येते. १९५७ मध्ये मिल्टन मकॉल यांनी गर्भाशय काढतानाच मागचे अस्थिबंध एकत्र शिवून ते टोक वर बांधून ठेवण्याची पद्धत सांगितली, ती याच अनुभवातून.

मुंबईतल्या शल्यविशारदांपुढचा रुग्ण वेगळा होता. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातील रुग्ण रजोनिवृत्तीच्या पलीकडची असे, तर इथल्या रुग्णालयांत विशी-पंचविशीच्या मुली येत. लग्न लवकर, बाळंतपण घरी, गर्भाशयाचे मुख पुरते उघडण्याआधीच कळा द्यायला लावण्याची रीत आणि बाळंतिणीला लगेच कामाला जुंपणे, अशी कारणे पाठ्यपुस्तकांनी नोंदली आहेत. काहींच्या ऊती जन्मतःच दुबळ्या असत. अशा मुलीला अजून मूल हवे असे, किंवा असलेले मूल जगेल याची शाश्वती नसे. तिची पिशवी काढणे हा उपाय नव्हता आणि मँचेस्टर शस्त्रक्रियेने तिचे पुढचे गर्भारपण धोक्यात येई. पिशवी, तिचे मुख आणि मातृत्वाची शक्यता या तिन्ही गोष्टी राखायच्या होत्या. मुंबईच्या स्त्रीरोगशास्त्राचे सर्वांत मौलिक काम या गरजेतून झाले, आणि वैद्यकाच्या सर्वसाधारण इतिहासांत त्याला मिळते त्याहून किती तरी मोठी जागा त्याला मिळायला हवी.

विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ मध्ये गोव्यातील शिरोडा गावचा. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून, इंग्लंडमध्ये एफ.आर.सी.एस. होऊन ते परतले आणि जे. जे. रुग्णालयात शिकवू लागले. जगाला ते आठवतात १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या टाक्यामुळे. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांच्या सैल गर्भाशयमुखाभोवती त्यांनी रुग्णाच्याच मांडीतून काढलेल्या चिवट ऊतीची पट्टी आवळून बांधली. अंग बाहेर येण्यावरचे त्यांचे कामही त्याच धाग्याचे आहे, कारण दोन्हीकडे केंद्रस्थानी गर्भाशयमुखच आहे. मँचेस्टर शस्त्रक्रियेत त्यांनी मुख कापणे टाळले. गर्भाशयाला मागून धरणारे अस्थिबंध सोडवून ते मुखाच्या पुढच्या बाजूला एकमेकांवर आडवे आणून शिवायचे, म्हणजे मुख शाबूत राहून मागे-वर ओढले जाते.

ज्यांचे स्वतःचे अस्थिबंध शिवण्याच्या लायकीचे उरले नव्हते, अशा रुग्णांसाठी त्यांनी पोटातून गर्भाशय टांगण्याची शस्त्रक्रिया बसवली. मर्सिलिन नावाची पॉलिस्टरची न विरघळणारी फीत गर्भाशय आणि त्याचे मुख जुळतात त्या जागी मागच्या बाजूने शिवायची आणि तिची टोके त्रिकास्थीच्या वरच्या कडेला बांधायची. उजवीकडे हे सरळ जमते. डावीकडे मोठ्या आतड्याचा वळसा व त्याचा पडदा आडवा येतो. म्हणून तिकडची फीत सोअस स्नायूच्या आधाराने केलेल्या फाशातून ओवून न्यावी लागते, आणि मूत्रवाहिनी, रक्तवाहिन्या व एक नाजूक मज्जातंतू सांभाळताना शल्यविशारदाची कसोटी लागते. गर्भाशयाला निसर्गतः ज्या दिशेने आधार असतो, त्या मागच्या-वरच्या दिशेनेच ही फीत ओढते. हे तिचे खरे बळ.

डॉ. बी. एन. पुरंदरे यांचा विचार निराळा होता. त्यांनी पोटाच्या पुढच्या भिंतीतील सरळ स्नायूंवरच्या आवरणाच्या दोन पट्ट्या सोडवल्या, त्यांचे एक टोक भिंतीला जोडलेलेच ठेवले आणि दुसरे आत नेऊन गर्भाशयमुखाच्या वरच्या भागाला पुढून शिवले. स्त्री खोकली, शिंकली किंवा तिने ओझे उचलले की पोटातला दाब गर्भाशयाला खाली रेटतो. पण त्याच क्षणी पोटाचे स्नायू आवळले जातात आणि पट्टीबरोबर गर्भाशय वर खेचले जाते. ज्या ताणाने अंग बाहेर येते तोच ताण त्याला सावरतो, ही कल्पना फार सुंदर आहे. पुढे शरीराच्या पट्टीऐवजी मर्सिलिनची फीत वापरली जाऊ लागली. या शस्त्रक्रियेतली उणीवही तेव्हाच ओळखली गेली. गर्भाशय पुढे ओढले गेल्याने त्याच्यामागची पोकळी उघडी पडते आणि तिच्यातून आतडे खाली उतरू शकते, म्हणून ती पोकळी शिवून बंद करावी लागते.

यानंतर भारतात अशा टांगण्याच्या शस्त्रक्रियांची मालिकाच तयार झाली. खन्ना यांनी फितीची टोके कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाकडे नेली. तिथे धोक्याच्या रक्तवाहिन्या वाटेत येत नाहीत. मुंबईचे अजित विरकुड यांनी शिरोडकर व पुरंदरे यांचे गुण एकत्र केले: उजवीकडची फीत त्रिकास्थीला आणि डावीकडची पोटाच्या भिंतीच्या आवरणाला. त्यामुळे डाव्या बाजूची अवघड वाट टळली. व्ही. एम. जोशी यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतील एका प्रमुख नियतकालिकात गर्भाशय जांघेजवळच्या पेक्टिनियल अस्थिबंधाला टांगण्याची पद्धत मांडली. जर्मनीत जवळपास वीस वर्षांनी दुर्बिणीतून त्याच अस्थिबंधाला आधार बांधण्याची शस्त्रक्रिया नव्याने पुढे आली, तेव्हा ती आधुनिक पर्याय म्हणून गाजली.

मुंबईच्या रुग्णालयांपर्यंत पोहोचणाऱ्या बायका थोड्याच होत्या, हेही इथे नोंदवले पाहिजे. राणी व अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. नेपाळमध्ये तर हा प्रश्न न्यायालयात गेला. २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अंग बाहेर येण्याचा व्यापक प्रादुर्भाव हा स्त्रियांच्या प्रजनन हक्कांचा भंग ठरवून सरकारला उपाययोजनेचे आदेश दिले.

पाश्चात्त्य देशांत याच काळात आधार नेमका कुठे तुटतो याचा शोध पुन्हा सुरू झाला होता. पुन्हा म्हणण्याचे कारण, जॉर्जियातील सॅव्हाना येथील जॉर्ज व्हाइट यांनी १९०९ मध्येच उत्तर दिले होते. मूत्राशय खाली येते ते योनीची भिंत ताणली गेल्याने नव्हे, तर ती बाजूच्या आधारापासून सुटल्याने, आणि ती तिथेच परत शिवली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पण जॉन्स हॉपकिन्सच्या हॉवर्ड केली यांच्यासारख्या वजनदार नावाने मधोमध टाके घालण्याची सोपी पद्धत सांगितली आणि व्हाइट विस्मरणात गेले. १९७६ मध्ये कलन रिचर्डसन यांनी शवविच्छेदनांच्या आधारे तीच गोष्ट पुन्हा सिद्ध केली. १९९२ मध्ये जॉन डिलॅन्सी यांनी आधाराच्या तीन पातळ्या दाखवल्या. वर टोकाला धरणारी, मध्ये बाजूंना जोडणारी आणि खाली दाराशी एकजीव झालेली. यांपैकी वरची पातळी सावरली नाही तर खालची शिवण टिकत नाही. हे समजल्यावर टोक वर बांधणाऱ्या शस्त्रक्रियांना महत्त्व आले. एक, योनीचे टोक त्रिकास्थीला जाळीच्या पट्टीने टांगणे. ही १९५० च्या दशकापासून युरोपात सुरू झाली आणि १९९० च्या दशकात दुर्बिणीतून होऊ लागली. दुसरी, म्यूनिकचे कुर्ट रिख्टर यांनी १९६८ मध्ये मांडलेली, योनिमार्गे आत शिरून टोक त्रिकास्थीजवळच्या अस्थिबंधाला शिवण्याची.

तरीही अपयशाचे प्रमाण अस्वस्थ करणारे होते. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वयाच्या ८० वर्षांपर्यंत या विकारासाठी किंवा लघवी न धरता येण्यासाठी शस्त्रक्रिया होण्याची शक्यता ११ टक्के दिसली आणि झालेल्या शस्त्रक्रियांपैकी २९ टक्के पुन्हा कराव्या लागलेल्या होत्या. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीने मोठा फरक पडला होता. मग योनीच्या दुबळ्या भिंतीमागेही जाळी का घालू नये, असा विचार झाला. २००२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यासाठी जाळीला मान्यता दिली, आणि दोन-तीन वर्षांत सुया व जाळी एका डब्यात भरलेले तयार संच बाजारात आले. ‘आधीच्या एखाद्या उत्पादनासारखेच आहे’ एवढ्या आधारावर, स्त्रियांवर चाचण्या न घेता मान्यता मिळण्याची सोय अमेरिकी कायद्यात होती. साम्याच्या या साखळीतले एक जुने उत्पादन तर १९९९ मध्ये दुष्परिणामांमुळे परत मागवले गेले होते. उद्योगाची घाई, नियंत्रकांची ढिलाई आणि थोड्या प्रशिक्षणावर शल्यविशारदांनी दाखवलेला विश्वास यांची किंमत बायकांनी मोजली.

योनी म्हणजे पोटाची भिंत नव्हे. ती पातळ आहे, तिच्यात जंतूंचा नित्य वास असतो आणि तिला हालचाल व स्पर्श सोसावा लागतो. जाळी आकसू लागली, भिंत फाडून वर दिसू लागली, मूत्राशयात शिरली. कायमची वेदना आणि अशक्य झालेले शरीरसंबंध घेऊन स्त्रिया दवाखान्यांत परतू लागल्या. ऊतींत रुतलेली जाळी पूर्णपणे काढणेही जवळजवळ अशक्य होते. अनेकींना ‘हे तुमच्या मनातले आहे’ असेच ऐकवले गेले. २००८ मध्ये अमेरिकी प्रशासनाने पहिला इशारा दिला, आणि २०११ मध्ये गंभीर गुंतागुंती विरळ नाहीत असे स्पष्ट केले. तेथील न्यायालयांत एक लाखाहून अधिक दावे दाखल झाले. स्कॉटलंडमध्ये पीडित स्त्रियांनीच चळवळ उभारून २०१४ मध्ये वापर थांबवायला लावला. ब्रिटनमधील ‘प्रॉस्पेक्ट’ चाचणीने २०१७ मध्ये दाखवले की पहिल्या दोन वर्षांत साध्या दुरुस्तीपेक्षा जाळीने काहीच जास्त साधत नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने अशी जाळी बाजारातून काढली, तर अमेरिकेने १६ एप्रिल २०१९ रोजी उरलेल्या उत्पादकांना विक्री बंद करायला सांगितले. ब्रिटनमधील बॅरोनेस कम्बरलेज यांच्या समितीने २०२० च्या अहवालात आरोग्यव्यवस्थेने स्त्रियांचे म्हणणे ऐकलेच नाही, असा स्पष्ट ठपका ठेवला. पोटातून त्रिकास्थीला टांगण्यासाठी मात्र जाळी अजून वापरतात. तिथे ती योनीच्या छेदातून घातली जात नसल्याने धोका कमी असतो, पण तो पुरता नाहीसा होत नाही.

या धक्क्यानंतर शरीराच्या स्वतःच्या ऊतींनीच दुरुस्ती करण्याकडे कल वळला. मांडीतून किंवा पोटाच्या भिंतीतून काढलेल्या पट्ट्यांकडे पुन्हा लक्ष गेले. यशाची मोजणीही बदलली. पूर्वी तपासणीत भिंत किती सेंटिमीटर खाली आली एवढेच पाहत, आता बाईला स्वतःला फुगवटा जाणवतो का हे आधी विचारले जाते. सर्वांत मोठा बदल गर्भाशयाबद्दल झाला. पाश्चात्त्य स्त्रियाही ‘माझे गर्भाशय काढू नका’ असे सांगू लागल्या, आणि ते ठेवून काय होते याच्या काटेकोर चाचण्या प्रथमच झाल्या. नेदरलँड्समध्ये २०८ स्त्रियांवरील चाचणीत (२०१५) गर्भाशय ठेवून ते अस्थिबंधाला शिवणे एका वर्षानंतर गर्भाशय काढण्यापेक्षा उणे ठरले नाही. तिथल्याच ४३४ स्त्रियांवरील दुसऱ्या चाचणीत (२०२३) या पद्धतीची तुलना मँचेस्टर शस्त्रक्रियेच्या सुधारित रूपाशी झाली. दोन वर्षांनी पहिलीचे यश ७७ टक्के होते, तर मँचेस्टरचे ८७ टक्के. १८८८ च्या शस्त्रक्रियेने विसाव्या शतकातल्या प्रतिस्पर्ध्याला मागे टाकले.

मात्र त्या सुधारित रूपातही गर्भाशयमुखाचा भाग कापावाच लागतो, म्हणून मूल हवे असलेल्या तरुण रुग्णाला मँचेस्टर शस्त्रक्रिया सहसा सुचवली जात नाही. तिच्यासाठी भारतीय पाठ्यपुस्तके आजही शिरोडकर, पुरंदरे, खन्ना आणि विरकुड यांच्याच शस्त्रक्रिया शिकवतात. काही ठिकाणी त्या आता पोट न उघडता दुर्बिणीतून केल्या जातात.